तारीख टाकलीस का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं इथं कुजणार, या गावात अभ्यासाला काही नाही’ असं लिहितोस, आणि त्याच पानावर शाळेमागच्या वडावर धनेश पक्षी आल्याचं सांगतोस. कधी आला? तारीख कुठाय?

गिल्बर्ट व्हाइट. अठराव्या शतकातला निसर्गनिरीक्षक, इंग्लंडात हॅम्पशर परगण्यातल्या सेलबॉर्न गावचा. हा शिकला ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजात, आणि गावचं मुख्य पाद्रीपद मॉडलिन कॉलेजच्या हातात, ते आपल्याच माणसांना देणार. त्यामुळे आपल्या गावचा मुख्य पाद्री कधी झाला नाही, दुय्यमच राहिला. तुझ्या भाषेत, कायम झालाच नाही. १७६८ पासून १७९३ साली मरेपर्यंत निसर्गाची रोजनिशी लिहिली. दिसायला सारखे तीन इवले वटवटे पक्षी त्याने आवाजावरून वेगळे काढले. मधमाश्यांच्या पेटीशी कर्णा लावून ओरडला. माश्यांनी दखलही घेतली नाही, तर तेही लिहून ठेवलं!

आणि १७८३चा उन्हाळा. भरदुपारी सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज, जमिनीवर गंजासारखा तांबूस उजेड, आज कापलेलं मांस उद्या खाववत नाही. गावकरी भेदरलेले. व्हाइट लिहितो : २३ जून ते २० जुलै. तिकडे आइसलँडात लाकी ज्वालामुखी ८ जूनला फुटला होता. याला त्याचा पत्ता नव्हता. पण तारखा होत्या, म्हणून आज त्या ताडून बघता येतात. पाकोळ्या हिवाळ्यात इथेच कुठेतरी दडून झोपतात, हा त्याचा संशय शेवटपर्यंत गेला नाही. साफ चूक. तरी त्याच्या पाकोळ्यांच्या नोंदी कामाच्याच. तारीख, बाबा, तारीख!

मी शिक्षक होतो त्या गावातली माझी वही काल काढली. ‘आज पावशा ओरडला. आभाळ कोरडं.’ एवढंच. साल नाही, महिना नाही. तेव्हा वाटलं, लक्षात राहील. त्याच गावात देवळामागे वीरगळ होता. सुट्टीत ठसा घेऊ म्हणत राहिलो. व्हाइटने सेलबॉर्नवर लिहिलेल्या पुस्तकातला तिथल्या जुन्या मठाचा भाग बरेच जण गाळून छापतात. मी तो वाचला आणि तो वीरगळ आठवून गप्प बसलो. आता त्याला निळा ऑइलपेंट फासलाय.

गाव का सोडलं विचारशील. केंद्रप्रमुखाची बढती आली, घराचं कर्ज होतं, मुलगी बारावीला होती. तूही घेतली असतीस. आणि मी काही वाईट केंद्रप्रमुख नव्हतो; अठरा शाळा सांभाळल्या, एकही वर्ग बंद पडू दिला नाही. असो, तुझ्या पत्रात हे कशाला.

पुण्यात कुणा मोठ्या माणसाच्या हाताखाली जायचं म्हणतोस. जा. पण जूनमध्ये शाळा उघडली की पुढल्या जूनपर्यंत त्या वडाखाली रोज दहा मिनिटं उभा राहा आणि मगच जा. काही दिसलं नाही तर ‘काही नाही’ लिही, तारखेसकट.

धनेशाची तारीख उलटटपाली कळव. आठवत नसेल तर तसं लिही, अंदाजे टाकू नकोस.