स्वातंत्र्य कोणाचे?

प्रश्न : समतेची घोषणा १७७६ मध्ये करणाऱ्या अमेरिकेत उद्योग वाढल्यावर कामगारांना त्या तत्त्वाचा आधार का मिळाला नाही? (एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे)

उत्तर : आधार मिळाला, पण बराचसा मालकांना. गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांच्या संरक्षणासाठी १८६८ मध्ये संमत झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीत करारस्वातंत्र्यही (सरकारच्या हस्तक्षेपाविना आपापसात हव्या त्या अटी ठरवण्याची मुभा) येते, असा अर्थ न्यायालयांनी पुढे लावला आणि त्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये, बेकरी कामगारांचे काम दिवसाला १० तासांपुरते मर्यादित करणारा न्यूयॉर्कचा कायदा रद्द केला. मालक आणि भट्टीपाशी राबणारा मजूर बरोबरीच्या नात्याने करार करतात, हे गृहीतक आमच्या मते हास्यास्पद होते. छोट्या शेतकऱ्या-कारागिरांच्या जुन्या समाजात (तेही गोऱ्यांपुरतेच) ते कदाचित खपले असते. न्यायालयाने ही भूमिका १९३७ मध्ये, स्त्रियांच्या किमान वेतनाचा वॉशिंग्टन राज्याचा कायदा उचलून धरताना सोडली.