‘रोजची भाकर’ बदलून ‘रोजचे अन्न’ करावे का?

संडे स्कूलच्या मुलांसाठी पुस्तिका करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: ‘येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेतली “आमची रोजची भाकर आज आम्हाला दे” ही ओळ शहरातल्या मुलांना जुनी वाटते. येशूच्या देशात ज्वारी-बाजरी तरी कुठे होती? “भाकर” काढून “अन्न” घातलं तर चालेल का? आणि “पाच भाकरी, दोन मासे” इथे “भाकऱ्या” हवं ना?’

व्याकरणाचं आधी उरकून घेऊ. ‘पाच भाकरी’ बरोबर आहे. तलवार-तलवारी, तसं भाकर-भाकरी. ज्यांच्या बोलीत एकवचनच ‘भाकरी’ आहे ते ‘भाकऱ्या’ म्हणतात, तेही शुद्धच. पण पुस्तिकेत एकवचन ‘भाकर’ असेल तर अनेकवचन ‘भाकरी’च ठेवा, दोन्हींची सरमिसळ नको.

आता मोठा प्रश्न. ‘अन्न’ चुकीचं नाही, पण माझं मत ‘भाकर’ ठेवण्याच्या बाजूने आहे, आणि ते नुसत्या सवयीपोटी नाही. ग्रीकमधला शब्द ‘आर्तोस’, म्हणजे भाजलेली, हातात धरता येणारी वस्तू. ती गव्हाची असे, जवाचीही असे. पाच हजारांना जेवू घातल्याची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण त्या मुलाजवळच्या भाकरी जवाच्या होत्या हे फक्त योहान सांगतो (६:९). जव हे गरिबाचं धान्य. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात (६:६), दुष्काळाचा भाव दिला आहे: एका दिवसाच्या मजुरीत एक माप गहू, तेवढ्याच पैशात तीन मापं जव. जुन्या करारातल्या शास्ते ७ मध्ये इस्राएलशी लढणाऱ्या मिद्यानी सैनिकाच्या स्वप्नात जवाची भाकर गडगडत येऊन तंबू उलथवते, आणि ती म्हणजे इस्राएलचा सेनानी गिदोन, असा अर्थ त्याचा सोबती लगेच लावतो. आपल्या अवर्षणी पट्ट्यात गव्हाची पोळी सणावारी आणि ज्वारी-बाजरी रोजची, हे फार जुनं चित्र नाही. म्हणजे धान्य बदललं, पण ताटातली त्याची जागा तीच राहिली. ‘अन्न’ म्हटलं की ही जागाच पुसली जाते.

दुसरं कारण क्रियापदात आहे. शेवटच्या भोजनात येशूने भाकर घेतली, आशीर्वाद दिला आणि ती मोडली. प्रेषितांच्या कृत्यांत (२:४२) पहिल्या ख्रिस्ती मंडळीचं वर्णन करताना ‘भाकर मोडणे’ हेच शब्द येतात. अन्न मोडता येत नाही. पाव कापतात, पोळीचा तुकडा तोडतात, भाकर मात्र मोडतात. तव्यावरून निखाऱ्यावर टाकलेली भाकर टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, आणि दोन्ही हातांनी मधोमध मोडली की वाफ बाहेर येते. मग अर्धी याला, चतकोर त्याला. मराठी ख्रिस्ती माणसाला प्रभुभोजनाची, म्हणजे त्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीतल्या विधीची, कृती समजावून सांगावी लागत नाही. ती त्याने घरी लहानपणापासून पाहिलेली असते.

‘रोजची’बद्दलही थोडं सांगायला हवं. इथे ग्रीकमध्ये ‘एपिऊसिओस’ असा शब्द आहे. नव्या करारात तो मत्तय आणि लूक यांतल्या या एकाच प्रार्थनेत येतो. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ग्रीक धर्मपंडितालाही तो लोकांच्या बोलण्यात आढळला नव्हता. जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये ‘रोजची’ असा अर्थ घेतला आणि मत्तयात मात्र ‘भौतिकापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द घातला. आजच्यापुरती, उद्याची, जगण्याला लागेल तेवढी, असे अर्थ अभ्यासक लावत आले आहेत. मला यात रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेलं अन्न, म्हणजे मान्ना, आठवतो (निर्गम १६): त्या दिवसापुरता गोळा करायचा, शिल्लक ठेवला तर किडे पडायचे. आपल्याकडे ‘रोज’ म्हणजे दिवस आणि ‘रोज’ म्हणजे दिवसाची मजुरीही. रोजाने जाणारी बाई ‘रोजची भाकर’ म्हणते तेव्हा आजचं काम आणि आजचं पोट तिला एका शब्दात ऐकू येतं. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातले (मत्तय २०) नाक्यावर उभे राहिलेले मजूर याच बाईचे सोबती.

नगर भागात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांमध्ये महार-मांग समाजातून आलेले लोक पुष्कळ होते. गावकीच्या कामाच्या बदल्यात दारोदार भाकर मागून आणणं हे अनेकांच्या वाट्याला आलेलं होतं. त्या माणसांनी डोळे मिटून ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणावं आणि पुढे ‘भाकर दे’ म्हणावं! उंबऱ्याबाहेर उभं राहून मागणं वेगळं, आणि लेकराने बापाजवळ हक्काने मागणं वेगळं. मत्तय ७:९ मध्येही तेच आहे: मुलाने भाकर मागितली तर कोणता बाप धोंडा देईल? ही ओळ मी ‘अन्न’ घालून वाचून पाहिली आहे. अर्थ उरतो, पण धार जाते. आणि ‘आमची’ हे अनेकवचनही मुलांना दाखवा. या प्रार्थनेत ‘माझी’ कुठेही नाही, शेजारच्या घरातली चूल धरूनच मागायचं आहे.

‘भाकर’ अपुरी पडते ती खमिराच्या, म्हणजे कणीक फुगवणाऱ्या आंबवणाच्या, बाबतीत. इस्राएली लोक मिसरातून इतक्या घाईने निघाले की कणीक फुगायलाही वेळ मिळाला नाही. ‘बेखमीर भाकर’ ही त्याची आठवण. पण आपल्या भाकरीत खमीर कधी असतंच कुठे? मराठी कानाला ‘बेखमीर’ हे विशेषण उगीचच लावल्यासारखं वाटतं आणि निर्गमातली घाई निसटते. तिथे शिक्षकाने थांबून सांगायलाच हवं.

गोव्याच्या कोकणीत याच ओळीत ‘गिरास’ म्हणतात, म्हणजे ग्रास, घास. तोही मला फार आवडतो, कारण तोही हातातोंडाशी असलेला शब्द आहे.

तेव्हा ताई, ओळ आहे तशी छापा. ‘भाकर’ला तळटीप नको, ती योहान ६:९ मधल्या जवाला द्या, आणि जमलं तर वर्गात मूठभर जव नेऊन मुलांच्या हातात ठेवा.