मैत्रिणीवर बलात्कार झाला आहे. तिला तक्रारीसाठी कसे तयार करावे?

परवा रात्री ओळखीच्याच माणसाने मैत्रिणीवर बलात्कार केला, ती कुणाला सांगायला तयार नाही आणि तिचे मन वळवण्याचा मार्ग आपल्याला हवा आहे, असे आपण लिहिले आहे. माझे स्पष्ट मत असे की तक्रारीसाठी तिचे मन वळवायला जाऊच नये. एकदा सगळे तिच्या मनाविरुद्ध घडून गेले आहे. आता पुढचे प्रत्येक पाऊल तिच्या होकारानेच पडले पाहिजे. डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह मात्र आजच्या आज धरा. एचआयव्हीची लागण रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात, आणि त्या मुदतीतला बराचसा वेळ आताच निघून गेला आहे. गर्भधारणा टाळणारी गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, पण उशीर होईल तसा तिचा उपयोग कमी होत जातो.

माझ्या मावसबहिणीवर असा प्रसंग आला, तेव्हा रुग्णालयात मी तिच्यासोबत होते. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी नाव-वय विचारण्याआधीच विचारले, ‘‘अंगावर ओरखडाही नाही, मग तुम्ही विरोध केला नाही का?’’ तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्यानंतर आलेल्या परिचारिकेने आधी दार लावून घेतले, स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या आणि प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी विचारत राहिल्या, ‘‘आता दंड बघू का? नको वाटले तर इथेच थांबू.’’ तिसऱ्या-चौथ्या वेळी माझ्या बहिणीने पहिल्यांदा तोंड उघडून ‘‘थांबा’’ म्हटले, आणि त्या खरोखरच थांबल्या. तिला नको असलेली तपासणी त्यांनी वगळली; औषधे, लस आणि पुढच्या रक्ततपासण्यांची तारीख मात्र नीट समजावून दिली.

घरी आल्यावर आमच्या मामांनी डॉक्टरांचाच प्रश्न पुन्हा विचारला. ओरडली असती तर माणसे धावून आली असती, आणि खरे-खोटे तपासणीतून कळेलच, असे त्यांचे म्हणणे होते. तो वाद आमच्या घरात आजही मिटलेला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते. बलात्कारानंतर स्टॉकहोममधील तातडीच्या उपचार केंद्रात आलेल्या २९८ महिलांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे ७० टक्के महिलांनी सांगितले की त्या वेळी आपले शरीर मोठ्या प्रमाणात जागच्या जागी थिजले होते. म्हणजे हलावे, ओरडावे असे वाटूनही हातपाय आणि आवाज साथ देत नव्हते. सहा महिन्यांनंतर तीव्र नैराश्य आणि आघातोत्तर मानसिक विकार यांचे प्रमाणही अशाच महिलांमध्ये अधिक आढळले. ती गप्प राहिली यावरून तिची संमती होती असे म्हणणे निव्वळ अज्ञान आहे, मग ते घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटले तरी. जखम नसणे हेही सर्रास आढळते. कौमार्याच्या तपासणीला काहीही शास्त्रीय आधार नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्य संस्थांसह जाहीर केले आणि ती बंद करण्याचे आवाहन केले; तेव्हा अशा तपासणीतून ‘खरे-खोटे’ ठरवू पाहणाऱ्यांना मैत्रिणीच्या जवळपासही फिरकू देऊ नका.

पुढे कधीतरी तक्रार करावी असे तिला वाटेल, म्हणून त्या वेळचे कपडे न धुता, ओलसर असल्यास वाळवून, कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी येते. त्या माणसाचे संदेश पुसू नका. तिने आंघोळ केली असली, कपडे धुतले असले, तरी आता जाऊन काय उपयोग, असे समजू नका. त्याला तिचे घर ठाऊक असेल किंवा त्याच्याकडे किल्ली असेल, तर तिची निदान काही दिवस दुसरीकडे राहण्याची सोय करा, आणि तो पत्ता नातेवाइकांत फिरू देऊ नका.

मी डॉक्टर किंवा वकील नाही. पोलिसांना कळवल्याशिवाय उपचार आणि तपासणी होते का, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत; ते आत जाण्यापूर्वीच विचारा आणि तिला सांगा. ती अल्पवयीन असेल तर अनेक ठिकाणी कळवणे कायद्याने बंधनकारक असते, आणि तिथे माझा वरचा सल्ला जसाच्या तसा लागू होणार नाही.