लातूरला महिनाभर टर्बिनाफिन घेऊनही जांघेतला गजकर्ण हटत नाही. बुरशी औषधाला दाद देईनाशी होते का?

हो, होते, आणि आपल्याकडे टर्बिनाफिनच्या बाबतीत हे सर्रास दिसतंय. गजकर्ण करणारी आणि या औषधाला अनेकदा न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशीची प्रजात जपानमधल्या संशोधकांनी 2020 मध्ये वेगळी नोंदवली, तीही भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांतून. नावातला ‘इंडो’ आपलाच. टर्बिनाफिन बुरशीचं स्क्वालीन इपॉक्सिडेज हे एन्झाइम बंद पाडतं. या एन्झाइमच्या जनुकात एखादा बदल झाला की औषध तिथे नीट चिकटत नाही आणि बुरशी वाढतच राहते. इट्राकोनाझोल दुसऱ्याच एन्झाइमवर काम करतं, म्हणून डॉक्टर बहुधा त्याकडे वळतात. पण ते मनाने सुरू करू नका: हृदय किंवा यकृताचा त्रास असेल, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असतील, तर धोका आहे. शिवाय कॅप्सूल जेवणासोबतच घ्यायची. ॲसिडिटीच्या गोळीने ती कमी शोषली जाते.

मात्र न हटणारा प्रत्येक गजकर्ण अशा हट्टी बुरशीचा नसतो. माझा पहिला संशय मेडिकलवरून आणलेल्या स्टेरॉइडमिश्रित ट्यूबवर. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरते. घरात आणखी कुणाला असेल तर त्यांनाही एकाच वेळी औषध हवं, टॉवेल वेगळे हवेत. टँकरच्या पाण्यात रोज धुणं जमत नसेल तर निदान आतले कपडे तरी धुऊन कडक उन्हात वाळवा. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली केओएच तपासणी बुरशी आहे एवढंच सांगते. कोणतं औषध चालेल ते कळायला कल्चर (नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवणं) आणि संवेदनशीलता चाचणी लागते.