तीनचाकी मोटारसायकल प्रथमच चालवताना
दुचाकीचा हात बसलेल्या माणसाला मागे दोन चाके असलेली मोटारसायकल सोपी वाटते, आणि मला काळजी वाटते ती नेमकी याचीच. ही गाडी वळणावर झुकत नाही. त्यामुळे हँडल प्रत्यक्ष फिरवूनच ती वळवावी लागते, आणि वेग जास्त असल्यास आतले चाक उचलले जाऊन ती बाहेरच्या बाजूला उलटू शकते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा व अंगाचा भार आत ठेवा. थांबताना पाय टेकवू नका, कारण त्यावरून मागचे चाक जाऊ शकते. आपल्या काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर पुढचे चाक खड्डा चुकवते, पण मागचे त्यातच जाते. सराव बाजाराच्या मोकळ्या मैदानात, बाजाराचा दिवस सोडून करा.