मुखडा झाला, अंतरा अडला

वाचकांचे प्रश्न : नोकरी आणि संगीत

ताई, मी एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात आहे. वय ३४. लहानपणी हार्मोनियम शिकलो होतो, आता घरीच लॅपटॉपवर गाणी करतो. ऑफिसातून यायला आठ वाजतात, जेवणखाण आवरून साडेनऊला बसतो. ठेक्यासाठी बरा आवाज शोधण्यात तासभर जातो, मग मुखडा बसतो, तोवर बारा वाजतात. दुसऱ्या दिवशी तीच फाइल उघडली की काल आवडलेलं काहीच आवडत नाही, म्हणून नवीन सुरू करतो. अर्धवट फायलींचा ढीग झालाय, पुरी झालेली गाणी दोनच. महिनाअखेरीला हिशेबांचं क्लोजिंग असतं तेव्हा तर हातही लागत नाही. बायको म्हणते, ‘वर्षभर नोकरी सोडून हेच कर, घराचं मी बघते.’ मलाही वाटतं, झोकून दिल्याशिवाय काही खरं नाही. काय करू?
– एक मुखडेबहाद्दर

मुखडेबहाद्दर, सही आवडली. बायकोला माझा नमस्कार सांगा. आणि राजीनामा लिहू नका. निदान एवढ्यात तरी नको.

तुमच्या अख्ख्या पत्रात ‘वेळ मिळत नाही’ असं एकदाही आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? क्लोजिंगचा आठवडा सोडला तर साडेनऊ ते बारा तुमच्या हातात आहेत. त्यात रोज नवा मुखडा होतो, म्हणजे सुचण्याचीही ददात नाही. गाडी अडते ती अंतऱ्यापाशी. अंतऱ्यापाशी अडणाऱ्या माणसाला दिवसभर मोकळं सोडलं तर तो दिवसाला एकाऐवजी चार मुखडे करेल, एवढाच फरक पडेल. मी बरीच वर्षं विमा कंपनीत दाव्यांच्या फायली तपासत चाली बांधल्या, त्यामुळे हा मासला माझ्या चांगला ओळखीचा आहे.

आधी ‘काल आवडलेलं आज आवडत नाही’ याचं बघू, कारण तिथे तुमच्या चालीवर उगाच अन्याय होतोय असा मला संशय आहे. रात्री अकराला तुम्ही घरच्यांची झोपमोड नको म्हणून आवाज अगदी बारीक ठेवत असणार. माणसाच्या कानाची गंमत अशी, की आवाज लहान असला की त्याला खर्जातले सूर फार कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९३३ साली याचे आलेखच मांडले होते. म्हणजे रात्री तुम्हाला ढोलकाचा घुमारा कमी वाटतो, तुम्ही तो वाढवता. दुसऱ्या दिवशी जरा मोठ्यानं ऐकलं की सगळं गदगदलेलं, गढूळ वाटतं. तुम्ही म्हणता, छे, गाणंच टाकाऊ. चाल बिचारी तिथेच असते, आदल्या रात्रीइतकीच बरी किंवा वाईट. तेव्हा चालीचा निकाल लॅपटॉपच्या स्पीकरवर लावू नका. हार्मोनियम शिकला आहात ना? भाता ओढा, नुसती चाल वाजवून गुणगुणा. तशी उभी राहिली तर फाइल जगवायची, नाही राहिली तर खुशाल पुसून टाका.

आता तो ठेक्यामागचा तास. दिवसभर तुम्ही काय करता? हे व्हाउचर पास, ते नापास. हा खर्च या खात्यात, तो त्या. रात्री बसता आणि पुन्हा शेकडो आवाजांतून हा पास, तो नापास सुरू. त्याला तुम्ही संगीत म्हणताय, पण डोक्याच्या लेखी तो ऑफिसचाच ओव्हरटाइम आहे. हे काम एकदाच, एखाद्या सुटीच्या दुपारी उरकून टाका. एक कोरा प्रोजेक्ट बनवा : तंबोरा लावलेला, ठेक्याचे दोनच आवाज, एक पेटीचा किंवा पियानोचा ट्रॅक, एक गाण्याचा ट्रॅक, माइक जोडून तयार. बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे नमुने जमवून पुढे देतो तो साठा, १२८वर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला तो जेमतेम पावणेतीन मिलिसेकंद होतो. वाटेत आणखी थोडा उशीर होतोच, तरी गाताना हेडफोनमध्ये आपलाच आवाज मागून आल्यासारखा वाटत नाही. (मिक्स करताना १०२४ करा, तेव्हा उशीर चालतो आणि लॅपटॉप धापा टाकत नाही.) ही फाइल ‘कोरी’ नावानं ठेवून द्या. लॅपटॉप उघडल्यापासून पहिला सूर रेकॉर्ड होईपर्यंत एक मिनिटाच्या वर लागता कामा नये. गाणं पुरं होईपर्यंत त्यातले आवाज बदलायचे नाहीत, भले ते खुळखुळ्यासारखे वाजोत.

आणि मुखडा सुचतो तेव्हा मुळात लॅपटॉप हवाच कशाला? फोनवर रेकॉर्ड करा. फक्त सुरुवातीला स्वतःच्या आवाजात बोला : ‘काळी दोन, नव्वद बीपीएम, दादरा, ओळ दुसऱ्या मात्रेवरून उठते.’ पट्टी, लय, ताल आणि ओळ कुठून सुरू होते, हे बोलायला दहा सेकंद लागतात. न बोललेलं रेकॉर्डिंग आठवड्यानं ऐका, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आहे हे शोधण्यात अर्धा तास जातो आणि तरी शंका उरतेच. ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ असल्या नावाच्या फायली म्हणजे कचराच समजा. ओळीचे पहिले दोन शब्द नावात घाला.

अंतऱ्याकडे वळू. तुमचा अंतरा अडतो याचं एक कारण मला तुमच्या कामाच्या पद्धतीत दिसतं. आठ मात्रांचा किंवा आठ बारचा तुकडा पडद्यावर गोल गोल फिरत राहतो आणि तुम्ही त्यावर थर चढवत बसता. तो तुकडा कानात इतका मुरतो की त्याच्या बाहेर पाऊल टाकणं चुकीचं वाटू लागतं. अंतरा लूप लावून सुचत नाही हो. लूप बंद करा, मुखड्याची शेवटची ओळ गा, थांबा, आणि वाद्याशिवाय पुढची ओळ म्हणा. मुखडा मध्य सप्तकात घुटमळत असेल तर अंतऱ्याची पहिली ओळ पंचमाच्या वर उचलून तार षड्जावर नेऊन बघा. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या हेच करत आलेत, त्यात कमीपणा नाही. नाहीच जमलं तर वाईट अंतरा करा. मुद्दाम, ठरवून वाईट. बदलायला काहीतरी समोर तर हवं!

आठवड्याची वाटणी अशी करून बघा : नवं सुचण्याचं काम फक्त सुटीच्या सकाळी. कामाच्या दिवशी रात्री चालू फाइलमध्ये एकच ठरलेलं कारकुनी काम, म्हणजे दुसऱ्या कडव्याची ओळ सुरात बसवणं, श्वासांचे आवाज कापणं, तालाचे जोड जुळवणं. उठताना फाइलच्या नोंदीत लिहायचं, ‘उद्या : दुसरा अंतरा, तिसरी ओळ, कोमल गंधार लावून बघ.’ हे लिहिलेलं असलं की उद्याचे साडेनऊ फुकट जात नाहीत. क्लोजिंगचा आठवडा कॅलेंडरवरून सरळ खोडून टाका. त्या आठवड्यात फक्त ऐकायचं. नाही जमलं म्हणून कुढत बसण्यात तुमची पुढची दोन-चार दिवसांची उमेद जाते, खरं नुकसान ते आहे.

आता झोकून देण्याबद्दल. तुमच्याच खात्यातलं उदाहरण देते. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात बरीच वर्षं नोकरीला होते. गाणं त्याच्या जोडीनं चालू होतं. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब त्यांनी उभे केले तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा ऑपेरा १९७६ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये झाला आणि त्यानंतरही तो टॅक्सी चालवत होता; केवळ संगीतावर घर चालायला त्याची चाळिशी उलटली.

पण मी तुम्हाला गोड गोड गोष्टी तेवढ्याच सांगणार नाही. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्जचं नाव या बाबतीत नेहमी घेतलं जातं, कारण तो विमा व्यवसायात यशस्वी होता आणि रात्री, सुटीच्या दिवशी रचना करायचा. त्याच्या तिसऱ्या सिंफनीला १९४७ साली पुलित्झर मिळालं. याच आइव्ह्जची तब्येत १९१८ साली पार ढासळली आणि नंतरच्या दहा वर्षांत त्याचं नवं लिहिणं जवळपास थांबलं. पारितोषिक आलं तेव्हा त्याला कितीतरी वर्षं लोटली होती. रशियन संगीतकार बोरोदिन रसायनशास्त्राचा प्राध्यापक. ‘प्रिन्स इगॉर’ हा ऑपेरा त्यानं १८६९मध्ये हाती घेतला आणि १८८७मध्ये तो गेला तेव्हाही ऑपेरा अर्धवटच होता. मग रिम्स्की-कोर्साकोव्ह आणि ग्लाझुनोव्ह यांनी तो पुरा केला. तुमच्या फायली पुऱ्या करायला असं कोणी येणार आहे का? म्हणून बारानंतर जागू नका आणि अंतरे लिहा.

वर्षभराच्या सुटीची हौस असेल तर आधी आठ दिवसांची रजा घ्या, क्लोजिंग उरकल्यावर लगेच. कुठे जाऊ नका. एका जुन्या मुखड्याचं गाणं शेवटपर्यंत न्या. पहिले दोन दिवस उत्साहात जातील, त्यांचं काही सांगू नका. चौथ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तुम्ही काय करत होता ते मला कळवा. नवीन प्लगिन, म्हणजे आवाजाचं जोडसॉफ्टवेअर, उतरवून घेत असाल तर नोकरी चालू ठेवा. तिसऱ्या कडव्यावर डोकं खाजवत असाल तर बायकोच्या म्हणण्यावर पुन्हा बोलू. त्या वेळी एक प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारून ठेवा : पगार थांबल्यावर जे येईल ते काम घ्यावं लागतं, जाहिरातीचं जिंगल, कुणाच्या तरी नाचाचा ट्रॅक, ‘उद्यापर्यंत द्या’ असं सांगून. ते करताना तुमच्या स्वतःच्या गाण्याला आजच्याइतके तरी अडीच तास उरतील का?

ताई, मी परिचारिका आहे. ड्यूटी बदलती, कधी दिवसपाळी कधी रात्रपाळी. शास्त्रीय गायन शिकते आहे. गुरुजी म्हणतात पहाटे रियाज कर, पण पहाटे मी वॉर्डमध्ये असते. रात्रपाळीहून आल्यावर बसले तर आवाज फाटतो. रियाज सोडावा लागेल का?
– षड्जाच्या शोधात

अजिबात नाही. पहाट म्हणजे घड्याळातले चार असं धरून बसू नका. झोप झालेली, घर शांत, डोकं रिकामं, ही पहाट. तुमच्या पाळीत ती दुपारी दोनला होत असेल तर दोनला षड्ज लावा. गुरुजींना पाळ्यांचा तक्ता दाखवा, लपवू नका; शिकवणाऱ्याला कळलं तर तो त्याप्रमाणे पाठ देतो.

रात्रपाळीवरून आल्या आल्या मात्र गाऊ नका. रात्रभर मॉनिटरच्या आणि माणसांच्या गलबल्यात बोलून स्वरतंतू दमलेले असतात, त्यांच्याकडून आणखी काम घेतलं की आवाज फाटणारच. फार तर पाणी पिण्याच्या नळीतून पाच मिनिटं हलका हुंकार भरा, खालून वर, वरून खाली. आवाजाच्या तज्ज्ञांकडे हा व्यायाम नेहमी करून घेतात. नळीमुळे तोंडाकडून थोडा दाब परत येतो आणि स्वरतंतूंवरचा ताण कमी होतो. मग झोपा. झोपून उठल्यावरही लगेच तानांवर जाऊ नका, आधी खर्जात थोडं रमा.

आणि गळा न वापरता होणारा रियाज तुमच्याकडे मुबलक आहे. प्रवासात बोटांवर झपताल मोजत बंदिश मनात म्हणणं, तिहाई, म्हणजे तीनदा म्हणायचा तुकडा, नेमकी समेवर आणून सोडणं, नवी बंदिश लिहून पाठ करणं. आवाज लागायच्या आधी बंदिश पाठ असली की गळ्याचा वेळ फक्त गाण्यावर खर्च होतो.

सर/मॅडम, आमचा चार जणांचा बँड आहे, सगळे नोकरदार. आमची स्वतःची दोन गाणी लवकरच प्रसिद्ध करतोय. ऑफिसला सांगावं का? शिवाय साहेबांना कुणकुण लागली आहे आणि ते वार्षिक समारंभात ‘तुम्हीच वाजवा की, घरचंच कार्य आहे’ म्हणताहेत, म्हणजे अर्थातच फुकट.
– गिटारवाला

आधी नेमणूकपत्र काढा आणि दोन कलमं वाचा : बाहेरच्या कामाबद्दलचं आणि तुम्ही निर्माण केलेल्या गोष्टी कोणाच्या मालकीच्या याबद्दलचं. बाहेरचं काम कळवा असं लिहिलं असेल तर दोन ओळींचा मेल पाठवा, गाणी येण्याच्या आधी. कलम गोंधळाचं वाटलं तर एखाद्या वकिलाला दाखवा. गाण्याचं कोणतंही काम ऑफिसच्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वेळेत करू नका, मग उद्या कुणी बोट दाखवायला नको. आजारपणाची रजा टाकून कार्यक्रमाचे फोटो टाकणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल काय बोलावं!

चौघांनी आपसात एक कागद मात्र आजच करा : कोणत्या गाण्याचे शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाचं आणि कोणाचा वाटा किती टक्के. चौघांच्या सह्या. गाणं कोणी विचारत नसतं तोवर ही बोलणी पाच मिनिटांत होतात.

साहेबांना हो म्हणा. फक्त दोन गाणी, आणि दोन्ही तुमची. पैसे मागू नका, पण साउंड चेकला पूर्ण एक तास आणि चार माइक लागतील असं लेखी कळवा. बहुतेक समारंभांत तो तास भाषणांमध्ये जातो, त्यामुळे समारंभ ठरल्याच्या वेळेआधी दोन तास पोचा आणि ध्वनिव्यवस्थेवाल्याशी सर्वात आधी ओळख करून घ्या.