कोळीवाड्यावर डॉक्युमेंटरी करतेयस ना, मग आधी हे वाच

अगं पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा घरीच ठेव, जाळी शिवत बसलेल्या काकांजवळ नुसती जाऊन बस, चहा घे, ते बोलतील तेवढं ऐक. आणि तारखा बघून प्लॅन कर, 1 जून ते 31 जुलै इंजिनाच्या होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात त्यामुळे समुद्रातले शॉट नाही मिळणार, पण माणसं निवांत भेटतात, मला तर इंटरव्ह्यूसाठी हाच काळ आवडतो. नारळी पौर्णिमेचा नाच सगळेच शूट करतात, तू सीझन सुरू झाल्यावर पहाटे मुंबईतल्या ससून डॉकचा मासळीचा लिलाव बघ, 1875 पासूनची गोदी आहे ती, फक्त शूटिंगच्या परवानगीचं आधी विचार.

सगळ्यात जास्त जीव आवाजात घाल. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये एक मावशी नवऱ्याच्या होडीबद्दल बोलताना रडल्या आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसती वाऱ्याची फडफड, अजून हळहळ वाटते. कॉलर माइकला केसाळ कव्हर लाव, हेडफोन घालूनच रेकॉर्ड कर, शेवटी 30 सेकंद सगळे गप्प बसून तिथला आवाज घे, एडिटला लागतोच. घरात ट्यूबलाइट असेल तर कॅमेरा सेकंदाला 25 फ्रेम, शटर 1/50 सेकंदावर ठेव, नाहीतर चित्रात पट्टे येतात.

रफ कट, म्हणजे पहिलं कच्चं एडिट, झाला की आधी त्यांनाच दाखव, एखादं वाक्य नको म्हणाले तर काढून टाक.